गाडी कुणाच्या कामावर होती?

अपघाताच्या गुन्ह्यात पोलीस गाडीचा नंबर लिहून घेतात. चालकाचं नाव, मालकाचं नाव, लायसन्स, विम्याची मुदत, जागेचा नकाशा, टायर घासल्याच्या खुणा, सगळं कागदावर येतं. गाडी त्या घडीला कुणाच्या कामावर धावत होती, हे मात्र बहुतेक वेळा कुठेच लिहिलं जात नाही. मी मोटार अपघाताचे दावे चालवतो. डिलिव्हरीच्या गाड्या रस्त्यावर वाढल्यापासून भरपाईच्या दाव्यातला सगळ्यात मोठा प्रश्न हाच झाला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तो न विचारल्यामुळे दोन गरीब घरं कोर्टात एकमेकांसमोर उभी राहतात, आणि ज्यांच्या धंद्यासाठी गाडी रस्त्यावर आली ते प्रकरणाच्या बाहेरच राहतात.

छत्रपती संभाजीनगरात रात्री जेवणाच्या वेळेला जालना रोडला क्रांती चौकापासून सिडकोपर्यंत पाठीवर चौकोनी बॅगा घेतलेल्या दुचाक्या सतत दिसतात. लातूरला शिकवणीच्या पोरांची वस्ती, नांदेडचा दवाखान्यांचा भाग, तिथेही तेच. पार्सलचे छोटे हत्ती आणि पिकअप तालुक्याच्या गोदामातून निघून वाडी-तांड्यापर्यंत जातात. सोय झाली आहे, यात वाद नाही. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घ्यायला आता कुणाला जिल्ह्याच्या गावी जावं लागत नाही. गाड्या चालवणारी पोरंही आपलीच आहेत. कुणी भोकरदनचं, कुणी केजचं, कुणी सेनगावचं. दिवसा अभ्यासिका, रात्री डिलिव्हरी. त्यांच्यावर दात ओठ खाऊन काही साधणार नाही.

आपल्या कायद्याची रचना साधी आहे. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीची धडक ज्याला बसेल त्याच्यासाठीचा विमा, सक्तीचा. चालकाची चूक सिद्ध झाली की मालक जबाबदार, आणि मालकाच्या वतीने विमा कंपनी पैसे भरते. मालक कोण? आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव आहे तो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात हे पक्कं केलं: गाडी कितीही हातांतून फिरलेली असो, नोंद ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची. हा नियम जखमी माणसाच्या भल्यासाठी केला. त्याने खरा मालक शोधत हिंडू नये, हा हेतू. डिलिव्हरीच्या बाबतीत मात्र हाच नियम त्याच्या विरोधात जातो आहे.

कसा, ते एका दाव्यावरून सांगतो. मोंढ्यातला एक हमाल संध्याकाळी पायी घरी जाताना दुचाकीच्या धडकेत पडला. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकला. डॉक्टरांच्या दाखल्यात अपंगत्व जेमतेम तिसरा हिस्सा. पण क्विंटलभराचं पोतं पाठीवर घेणाऱ्या माणसाचा पाय गेला म्हणजे त्याची सगळी कमाईच गेली. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालामुळे आम्हाला हे मांडता आलं. शरीराचं अपंगत्व किती टक्के यापेक्षा त्या माणसाच्या कामावर त्याचा काय परिणाम झाला, ते बघा, असं तो निकाल सांगतो. इथपर्यंत ठीक होतं. मग विमा कंपनीचा जबाब आला. धडक देणारं पोरगं जेवणाची ऑर्डर पोचवत होतं, आणि गाडीची पॉलिसी होती खासगी दुचाकीची.

खासगी गाडीची पॉलिसी एकदा घरातून काढून वाचा. वापराच्या मर्यादांचा एक परिच्छेद त्यात असतो. गाडी कोणत्याही कामासाठी वापरता येईल, पण भाडं किंवा मोबदला घेऊन नाही, सोबतचं सामान किंवा नमुने सोडून मालाची वाहतूक करायला नाही, शर्यतीसाठी नाही, वेगाच्या चाचणीसाठी नाही. बारीक टायपात चार-पाच ओळी. डिलिव्हरीवर गेलेली प्रत्येक पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची दुचाकी पहिल्याच ऑर्डरला या ओळी मोडते. विकताना एजंट हे सांगत नाही, आणि पोराला कामावर घेताना कंपनी आरसी, लायसन्स आणि विम्याचा कागद एवढंच अपलोड करून घेते. विमा आहे ना, आहे. कसला आहे, हे बघायला कुणी थांबत नाही.

मग कोर्ट काय करतं? बहुतेक वेळा 'आधी भरा, मग वसूल करा' असा हुकूम होतो. स्वर्णसिंग प्रकरणापासून, म्हणजे २००४ पासून ही वाट रुळली आहे. विमा कंपनी जखमीला पैसे देते आणि तेवढी रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करायचा हक्क मिळवते. जखमीच्या हातात पैसे पडतात, म्हणून बाहेरून सगळं नीट झाल्यासारखं वाटतं. पण मालक कोण, तर पोराचा बाप. कर्ज बापाच्या कागदांवर मिळतं, म्हणून गाडी बापाच्या नावावर. कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे निवाड्याची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यामार्फत वसूल होऊ शकते. म्हणजे शहरात एका मोठ्या कंपनीची ऑर्डर पोचवताना झालेल्या अपघाताचा बोजा बदनापूर तालुक्यातल्या तीन एकर कोरडवाहूच्या सातबाऱ्यावर येऊन बसू शकतो. त्या कोरडवाहूतून तेवढे पैसे आयुष्यात निघणार नाहीत. आणि ज्या कंपनीच्या ॲपवर ती ऑर्डर पडली, तिला साधी नोटीससुद्धा नाही.

कंपन्यांचं उत्तर ठरलेलं आहे. हा आमचा नोकर नाही, स्वतंत्रपणे काम करणारा माणूस आहे. आम्ही फक्त गिऱ्हाईक आणि दुकान यांची गाठ घालून देतो. करारावर तसं लिहिलेलंही असतं. पण जबाबदारी करारातल्या शब्दांवर ठरावी की गाडीवर हुकूम कुणाचा चालतो यावर? याचं उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच दिलेलं आहे, आणि मला वाटतं डिलिव्हरीच्या दाव्यांत ते पुरेसं वापरलं जात नाही. राजस्थान राज्य मार्ग परिवहन महामंडळ विरुद्ध कैलाशनाथ कोठारी. बस एका खासगी माणसाची, ड्रायव्हर त्याचाच. महामंडळाने ती भाड्याने घेऊन आपल्या मार्गावर लावली, कंडक्टर महामंडळाचा, ड्रायव्हरने त्याच्या सूचना पाळायच्या. अपघात झाल्यावर महामंडळ म्हणालं, आम्ही मालक नाही, ड्रायव्हर आमचा नोकर नाही. न्यायालयाने ते ऐकलं नाही. गाडीवर आणि चालकावर प्रत्यक्ष ताबा महामंडळाचा होता, म्हणून भरपाईची जबाबदारीही महामंडळाची, असं ठरलं.

आता ॲपवरच्या पोराचं काम बघा. कोणती ऑर्डर, कुठल्या हॉटेलातून, कोणत्या रस्त्याने, किती मिनिटांत, किती रुपयांत, सगळं ॲप ठरवतं. उशीर झाला तर रेटिंग पडतं, रेटिंग पडलं तर ऑर्डर कमी होतात, तक्रार वाढली तर आयडी बंद. कोठारी प्रकरणातल्या कंडक्टरचा ड्रायव्हरवर जेवढा ताबा होता, त्याच्यापेक्षा हा जास्त आहे. फरक इतकाच की कंडक्टर गाडीत बसायचा आणि ॲप हँडलला अडकवलेल्या फोनमध्ये बसतं. ताबा हीच कसोटी लावली, तर डिलिव्हरीच्या वेळेपुरती कंपनी जबाबदार ठरलीच पाहिजे.

कायद्यात याला एक मोठं भगदाड आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 'ॲग्रीगेटर'ची व्याख्या आली, पण ती प्रवासी आणि चालक यांना जोडणाऱ्यांपुरतीच. जेवण, किराणा, पार्सल यांचं त्यात नाव नाही. दुसरीकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत याच डिलिव्हरी कंपन्या ॲग्रीगेटर म्हणून मोजल्या आहेत, आणि कामगारांच्या निधीसाठी त्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यायची आहे. एका कायद्यात कंपनी स्पष्ट दिसते आणि दुसऱ्यात नाही. निधीसाठी जिचा या पोरांशी संबंध मान्य केला, तिचा अपघाताच्या दिवशी संबंध कसा तुटतो, हे सरकारने सांगायला हवं.

यावर आक्षेप येतात, आणि त्यातले काही मी हलके समजत नाही. एक पोरगं एकाच वेळी दोन ॲपवर चालू असतं, मग कोणती कंपनी धरायची? ज्या ऑर्डरवर गाडी होती ती. आणि ऑर्डरच्या शोधात नुसती फिरत असेल, तर दोघींनी मिळून. हे ठरवणं अवघड आहे, अशक्य नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा: डिलिव्हरी महाग होईल. होईल, थोडी होईल. आज तो खर्च गिऱ्हाईक देत नाही, पण कुणीतरी देतंच आहे. तो हमाल देतो आहे, त्या पोराचा बाप देतो आहे. तिसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मोठ्या कंपन्यांना धरता धरता गावातल्या लहान धंद्यावर गदा येईल, असं काही जण म्हणतात. पण लहान धंदेवाला आजच जबाबदार आहे! परभणीच्या खानावळीचा मालक पगारी पोराला डबे पोचवायला धाडतो आणि त्या पोराकडून कुणाला धडक बसते, तेव्हा नोकराच्या चुकीला मालक जबाबदार हे जुनं तत्त्व त्याला लागू होतं. त्याच्या वकिलाकडे 'तो आमचा माणूस नाही' म्हणायची सोय नसते. चार टेबलांच्या खानावळीने जो भार उचलायचा, तो देशभर पसरलेल्या कंपनीने उचलू नये, याला न्याय म्हणत नाहीत.

गाडी चालवणाऱ्या पोराचंही बघितलं पाहिजे, कारण मार खाणाऱ्यांत तोही असतोच. समोरच्याची चूक असेल तर तो दावा करू शकतो. पण रात्री खड्ड्यात गाडी आदळली, रस्त्यात बसलेल्या जनावराला धडकली, स्वतःचाच तोल गेला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली, म्हणजे दुसऱ्याची चूक दाखवून करायच्या दाव्यात, त्याला किंवा त्याच्या घरच्यांना काही मिळत नाही. मालक-चालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. पण गाडी बापाच्या नावावर आणि चालवणारा मुलगा, मग तेवढ्यासाठीही भांडण. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ मध्ये, आणि आता त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत, चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही, कामावर असताना इजा झाली एवढं पुरतं. मात्र त्यासाठी नोकर आणि मालक हे नातं लागतं, आणि कंपनी पुन्हा तिथेच हात वर करते. कंपन्या ऑनलाइन असतानाच्या वेळेसाठी सामूहिक विमा देतात, ते बरं आहे. पण तो कंपनीने ठरवलेल्या अटींवर मिळतो, कायद्याने मिळालेला हक्क नव्हे. आणि रस्त्यावर ज्याला धडक बसली, त्याच्यासाठी तर त्यात काहीच नसतं.

विजेवर चालणाऱ्या हलक्या स्कूटरचा भाग वेगळा आणि जास्त काळजीचा आहे. मोटारीची ताकद पाव किलोवॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असलेली हलकी गाडी नियमांप्रमाणे 'मोटार वाहन'च धरली जात नाही. नोंदणी नको, लायसन्स नको, विमा नको. म्हणूनच डिलिव्हरीसाठी अशा गाड्या भाड्याने घेणारी पोरं वाढली आहेत. अशा गाडीने म्हाताऱ्या बाईचा खुबा मोडला तर तिला मोटार अपघात न्यायाधिकरणात जाताच येत नाही. साधा दिवाणी दावा, कोर्ट फी, वर्षानुवर्षं तारखा, आणि शेवटी हुकूम मिळाला तरी वसुली कुणाकडून? भाड्याच्या गाडीवरच्या एकोणीस वर्षांच्या पोराकडून. निदान पैसे घेऊन माल पोचवायच्या कामावर असलेल्या अशा गाडीला तरी थर्ड पार्टी विमा सक्तीचा करावा. एवढ्यासाठी वाट बघण्याचं काही कारण नाही.

भरपाई किती, हा पुढचा प्रश्न. त्याचं गणित सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी बरंचसं पक्कं केलं आहे. समजा २८ वर्षांचा कमावता माणूस गेला, मागे बायको, दोन लेकरं आणि आई. महिना १२,००० कमाई धरली, भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवले, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला आणि वर्षाच्या आकड्याला त्याच्या वयासाठी ठरलेल्या १७ ने गुणलं, तर २५,७०,४०० रुपये होतात. कमाई ८,००० च धरली, तर १७,१३,६००. कागद नाही म्हणून साडेआठ लाख गेले. आणि आपल्याकडे कागद असतो कुणाकडे? बीड, धाराशिवकडची ऊसतोडीला जाणारी जोडपी बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल दोघांची मिळून एकच, नोंद असलीच तर नवऱ्याच्या नावावर. बाई अपघातात गेली तर तिची स्वतंत्र कमाई दाखवायला कुटुंबाकडे चिठ्ठीसुद्धा नसते, आणि विमा कंपनीचा वकील तिला घरकाम करणारी म्हणून मोजायला बघतो. घरकामालाही किंमत आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कीर्ती प्रकरणात सांगितलंच आहे. पण इथे घरकामाच्या जोडीला फडातलं अर्धं काम तिचं होतं. कोयत्यातला अर्धा वाटा बाईची कमाई म्हणून न्यायाधिकरणांनी सरळ धरावा. मी तरी प्रत्येक वेळी तसंच मांडतो.

याच लोकांना सहा महिन्यांची मुदत सगळ्यात जास्त नडते. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायची अट आली. टोळ्या दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, त्या गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. निघायच्या तोंडावर घरातलं माणूस गेलं तरी उचल घेतलेली असते, फडावर जावंच लागतं. परत येईपर्यंत मुदत संपायला येते किंवा संपते. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि तोवर केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असं न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं. पण हा अंतरिम दिलासा आहे. अट कायद्यातून जायला हवी.

आता पुराव्याकडे येतो, कारण सगळं शेवटी तिथेच अडतं. जेवण मागवणाऱ्याला फोनवर दिसतं की गाडी आता सेव्हन हिल्सला आहे, आता वळली, आता दोन मिनिटांत पोचते. तोच सगळा तपशील धडक बसलेल्या माणसाच्या बायकोला वर्ष-वर्ष मिळत नाही. ऑर्डर कुठली, ती कधी स्वीकारली, वेग किती होता, त्या दिवशी पोरगं किती तास सलग चालवत होतं, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर असतं. पार्सलच्या पिकअपचंही तसंच. फक्त तिथे मध्ये आणखी हात असतात: कंपनी, वाहतुकीचा ठेकेदार, तालुक्याचा एजंट, गाडीमालक, ड्रायव्हर. गुन्ह्याच्या कागदात शेवटचे दोनच येतात.

कायदा बदलायला वेळ लागेल. पण काही गोष्टी आजच्या कायद्यात बसतात. २०२२ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो अहवालच दावा म्हणून चालवता येतो. त्यामुळे त्यात काय लिहिलं जातं याला फार महत्त्व आहे. गाडीवर कुणाची बॅग होती, माल कुणाचा होता, कोणत्या ॲपवर चालक चालू होता, हे तपास अंमलदाराने पहिल्याच दिवशी लिहावं आणि फोनवरच्या ऑर्डरचा फोटो काढून ठेवावा, असं परिपत्रक राज्याच्या गृह खात्याला काढता येईल. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही. दाव्याच्या अर्जाचा नमुना ठरवण्याचा अधिकारही कलम १७६ खाली राज्य सरकारला आहे. 'अपघाताच्या वेळी वाहन कुणाच्या कामावर होते' हा एक रकाना त्यात घालायला विधानसभेची गरज नाही. कंपन्यांसाठी माझी मागणी एवढीच आहे की ऑर्डर स्वीकारल्यापासून ती पोचेपर्यंत थर्ड पार्टीचा व्यावसायिक विमा कंपनीच्या नावावर आणि कंपनीच्या पैशाने असावा. मग गाडी पोराची असो, बापाची असो की भाड्याची, जखमीला विमा कंपनीच्या दारात अडकावं लागणार नाही आणि सातबाऱ्यावर बोजा चढणार नाही.

आणि जिल्हा कोर्टात काम करणाऱ्या माझ्या वकील मित्रांनी एवढं आजपासून करावं. डिलिव्हरीच्या गाडीचा दावा आला की कंपनीलाही सामनेवाला करा; नंतर नाव जोडायचा अर्ज देत बसू नका. वकीलपत्र घेतलं त्याच आठवड्यात कंपनीला नोटीस धाडा: अमुक तारखेचा, अमुक वेळेचा, अमुक गाडीचा सगळा तपशील जपून ठेवा. न्यायाधिकरणाला कलम १६९ खाली कागदपत्रं हजर करायला लावायचे दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत; तसा अर्ज पहिल्या तारखेलाच द्या. दावा जखमी माणूस राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो, म्हणून पुण्याला अपघात झालेल्या हिंगोलीच्या माणसाने पुण्याला चकरा मारायचं कारण नाही. कंपनीने तिच्या शहरातला वकील घेऊन हिंगोलीला यावं.